लढा, तुरुंग आणि चूल: गोव्यातल्या आणि जगातल्या लढणाऱ्या बायकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोली-सत्तरी भागातल्या शाळांत मराठी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यापासून १८ जून आणि १९ डिसेंबर जवळ आले की शाळा, वाचनालयं, महिला मंडळं मला बोलावतात. विषय बहुधा एकच असतो: लढाईच्या काळात बायकांनी काय केलं? भाषण संपलं की प्रश्न येतात, आणि भाषणापेक्षा ते प्रश्नच मला जास्त मोलाचे वाटतात. पुन्हा पुन्हा आलेले काही प्रश्न उत्तरांसकट इथे मांडते आहे.

बायकांचं योगदान म्हणजे नेमकं काय धरायचं? बंदूक घेतली तरच ना?

बंदूक घेतलेल्या बायका आहेतच, त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण कुठलाही लढा अन्न, बातमी आणि लपायला जागा यांच्यावर चालतो. जेवण वेळेवर पोचलं नाही, निरोप चुकला, दार उघडलं नाही, तर बंदूकवाला दोन दिवससुद्धा टिकत नाही. ही तिन्ही कामं बहुतेक वेळा बायकांकडे होती. ती रोजच्या घरकामासारखी दिसतात, म्हणून मोजणीत येत नाहीत. या प्रश्नाला मी भूगोलातलं उदाहरण देते. मांडवी किती मोठी हे सांगताना आपण फक्त पणजीपाशी दिसणारं पात्र धरत नाही. वाळवंटी, म्हादईचे वरचे ओहोळ, सगळं त्यात येतं.

गोवा तर दोन दिवसांत मुक्त झाला. मग युद्धाचा काळ म्हणायचा तरी कुठला?

भारतीय सैन्याची कारवाई, ऑपरेशन विजय, १८ आणि १९ डिसेंबर १९६१ ला झाली. १९ तारखेला गव्हर्नर जनरल व्हास्सालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. हे दोन दिवस सैनिकांचे. त्याआधीची पंधरा वर्षं मात्र माणसांची आहेत. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी जाहीर सभेची बंदी मोडली तिथून ती सुरू होतात. समोर सशस्त्र पोलीस, खटला लष्करी न्यायालयात, शिक्षा दहा-बारा वर्षांच्या, वर पोर्तुगालच्या तुरुंगात धाडण्याची धास्ती. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत छापलेला प्रत्येक कागद आधी सेन्सॉरला दाखवावा लागे, लग्नाची पत्रिकासुद्धा. घरातल्या मुलीच्या लग्नाला 'येण्याचे करावे' म्हणायलाही सरकारची परवानगी लागते, त्या काळाला शांततेचा काळ म्हणणं मला पटत नाही.

१९४६ च्या त्या जून महिन्यात बायका रस्त्यावर उतरल्या होत्या का?

हो. मडगावच्या वत्सला कीर्तनी यांना पोलिसांनी पकडलं, तेव्हा बायकांचा घोळका थेट पोलीस ठाण्यावर गेला आणि 'आम्हालाही पकडा' म्हणून अडून बसला. ज्या घरांतल्या बायका तोवर देवळाला आणि लग्नकार्यालाच घराबाहेर पडत, त्या घरांतून हे झालं.

त्याच महिन्याच्या शेवटी, ३० जूनला, गोव्यातले राष्ट्रवादी पुढारी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी मडगावात पुन्हा बंदी मोडली. त्यांची भाची बेर्ता द मिनेझिस ब्रागांझा मामाबरोबर होती, आणि पोलिसांचा मार तिच्याही वाट्याला आला. बेर्ताबाई नामवंत पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांची मुलगी. चांदरच्या वाड्यात वाढलेल्या, ऐषआरामात आयुष्य काढू शकल्या असत्या. त्यांनी लेखणी धरली. कुन्हांनी मुंबईत 'फ्री गोवा' हे वृत्तपत्र काढलं होतं. १९५८ मध्ये ते वारले आणि पत्राची धुरा बेर्ताबाईंनी खांद्यावर घेतली.

सुधाताई जोशी म्हणजे महादेवशास्त्री जोशींच्या पत्नी ना?

हो, पण त्यांची ओळख तिथून सुरू करू नका, ही माझी विनंती.

१९५५ पर्यंत नॅशनल काँग्रेस गोवा या मुक्तिलढ्यातल्या संघटनेचे बरेच पुढारी तुरुंगात होते किंवा हद्दीबाहेर. तरीही अधिवेशन गोव्याच्या भूमीवरच, उघडपणे भरवायचं ठरलं. ६ एप्रिल १९५५, ठिकाण म्हापसा. अध्यक्षपदी सुधाताई. पुण्यात त्यांचा संसार होता. अध्यक्षीय भाषण वाचायला उभं राहायचं म्हणजे अटक ठरलेली, हे सभेतल्या प्रत्येकाला माहीत होतं, सुधाताईंना सगळ्यांत जास्त. त्या उभ्या राहिल्या, वाचू लागल्या, आणि पोलिसांनी त्यांना पकडलं. पुढची कित्येक वर्षं तुरुंगात गेली.

मुलांना हा प्रसंग सांगताना मी त्यांना म्हापशाच्या बाजाराची आठवण करून देते. शुक्रवारच्या बाजाराला आपण आईबरोबर गेलेलो असतो, तिथली गर्दी, मिरच्यांचा वास सगळ्यांना ठाऊक असतो. त्या गावात एक बाई हातात कागद धरून उभी आहे आणि भोवती शिपायांचा वेढा पडतो आहे, एवढं डोळ्यांसमोर आणा. घर, नवरा, मूल पुण्यात. परत कधी जाणार, माहीत नाही.

महादेवशास्त्री आपल्या सत्तरीतल्या आंबेड्याचे, मराठीतले मोठे कथाकार, भारतीय संस्कृतिकोशाचे संपादक. सुधाताई आत असताना त्यांनी बाहेर त्यांच्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं. नवरा तुरुंगात आणि बायको बाहेर वाट पाहते आहे, असं चित्र आपल्याला सवयीचं आहे. इथे नवरा बाहेर होता आणि बायको आत. म्हणून मला ही जोडी फार महत्त्वाची वाटते.

सर्वांत मोठी शिक्षा कुणाला झाली?

मी मित्रा बीर यांचं नाव सांगते. माहेरच्या त्या काकोडकर, लढ्यातले पुढारी पुरुषोत्तम काकोडकर यांच्या घरातल्या. वय २२ असताना पोर्तुगीजांनी त्यांना बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. पणजी, आग्वाद, म्हापसा अशा तुरुंगांत त्या राहिल्या. आज बावीस वर्षांची मुलगी बी.एड. ला प्रवेश मिळतो की नाही या काळजीत असते, म्हणून वर्गात हे वय सांगितलं की मुली एकदम गप्प होतात.

बाहेर आल्यावर त्यांनी काय केलं, तेही सांगायला हवं. गांधीवादी कार्यकर्ते माधव बीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मित्राताईंनी मडगावात मुलींसाठी शाळा काढली, वेरें, काकोडा अशा ठिकाणी शाळा सुरू केल्या, प्रौढ बायकांसाठी शिक्षणाचे आणि हस्तकौशल्याचे वर्ग चालवले. १९७८ मध्ये त्या गेल्या. मी स्वतः शिक्षिका असल्याने असेल, पण त्यांच्या तुरुंगवासाइतकंच त्यांचं हे शाळांचं काम मला लढ्याचा भाग वाटतं.

जंगलातून रेडिओ चालवणारी बाई खरंच होती का, की ती दंतकथा?

खरंच होती. लिबिया लोबो. पुढे सरदेसाई.

त्यांची तयारी आधीच्या आयुष्यात नकळत झाली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या मुंबईत सेन्सॉरच्या कचेरीत होत्या, इटालियन युद्धकैद्यांची पत्रं तपासण्याच्या कामावर. नंतर आकाशवाणीत ग्रंथपाल. म्हणजे शब्द कसा दडवतात आणि कसा पोचवतात, हे दोन्ही त्यांनी जवळून पाहिलं होतं. भाषा हाताशी होत्या.

२५ नोव्हेंबर १९५५ ला सह्याद्रीच्या जंगलातून गुप्त केंद्र बोलू लागलं. पोर्तुगीजमध्ये 'व्हॉझ दा लिबेर्दाद' आणि कोकणीत 'गोंयचे सोडवणेचो आवाज'. ही तारीखही बघा: २५ नोव्हेंबर १५१० ला आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतला होता. त्याच तारखेला, ४४५ वर्षांनी, मुक्तीचा आवाज सुरू झाला. बरोबर वामन सरदेसाई होते, सुरुवातीला निकोलांव मिनेझिस. जागा बदलत राहिली, आंबोलीच्या रानातून कॅसलरॉकच्या रानात.

कॅसलरॉकचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. जून ते सप्टेंबर कपडे सुकत नाहीत, कागद दमट होऊन मऊ पडतो, जळवा पायात घुसतात. अशा ठिकाणी रोज बातम्या वाचायच्या, निवडायच्या, दोन भाषांत लिहायच्या, आणि ठरलेल्या वेळी बोलायचं. ऐकणारा दिसत नाही. आपला आवाज हद्दीपलीकडे पोचला की नाही, हे सांगायला कुणी येत नाही. असं एक-दोन आठवडे नाही, सहा वर्षं चाललं.

गोव्यात कागदावर सेन्सॉरची पकड होती, पण रेडिओची लहर सीमेवरच्या शिपायाला अडवता येत नाही. दार-खिडक्या लावून, आवाज बारीक करून लोक ऐकायचे, ही आठवण मी आमच्या भागातल्या अनेक वृद्धांकडून ऐकली आहे.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्याची बातमी लिबियाबाई आणि वामनराव यांनी विमानातून, ध्वनिक्षेपकावर बोलत आणि पत्रकं टाकत गोव्यावरून फिरून दिली. सहा वर्षं जमिनीवर दडलेला आवाज त्या दिवशी आभाळातून आला. पुढे दोघांचं लग्न झालं. लिबियाबाई मुक्त गोव्याच्या पहिल्या पर्यटन संचालक झाल्या. २०२५ मध्ये, वयाची शंभर वर्षं पूर्ण झालेली असताना, त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या दिवशी मी घरात एकटीच होते, आणि बातमी ऐकून टाळ्या वाजवल्या.

पत्रादेवीला गोळ्या झेलणारी बाई कोण होती?

सहोदराबाई राय, मध्य प्रदेशातल्या सागरच्या. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातले सत्याग्रही वेगवेगळ्या ठिकाणी हद्द ओलांडून गोव्यात शिरले. नि:शस्त्र. पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक जण ठार झाले. सहोदराबाईंच्या हातात तिरंगा होता. गोळ्या लागल्या तरी त्यांनी तो सोडला नाही. पंजाबचे कर्नेलसिंग त्याच गोळीबारात हुतात्मा झाले. सहोदराबाई वाचल्या, आणि १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून गेल्या.

पेडण्याहून बांद्याकडे जाताना पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक रस्त्यालगतच आहे. सावंतवाडीला जाणाऱ्या आपल्या गाड्या तिथून रोज जातात. पाच मिनिटं थांबा.

हे सगळं हिंदू समाजातल्या बायकांपुरतंच होतं, असं म्हणतात. खरं का?

नाही. बेर्ताबाई आणि लिबियाबाई यांची नावं वर आलीच आहेत. एदिला गायतोंडे यांचं नाव तर मी मुद्दाम घेते. त्या पोर्तुगीज, आसोरिश (अझोर्स) बेटांवरच्या, पियानो वाजवणाऱ्या. म्हापशाचे शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे यांच्याशी लग्न करून त्या गोव्यात आल्या. फेब्रुवारी १९५४ मध्ये एका मेजवानीत कुणीतरी गोवा पोर्तुगालचाच भाग असल्याचं बोललं आणि डॉक्टर म्हणाले, 'मी निषेध करतो.' एवढ्यावर अटक, आणि पोर्तुगालला रवानगी. एदिलाबाई नवऱ्याच्या बाजूने, म्हणजे स्वतःच्या देशाच्या सरकारविरुद्ध, ठाम उभ्या राहिल्या. माहेर आणि सासर यांच्यात एवढी मोठी दरी क्वचितच कुणा बाईच्या वाट्याला आली असेल.

ज्या बायका तुरुंगात गेल्या नाहीत, भाषणं केली नाहीत, त्यांनी काय केलं?

या प्रश्नाला मी सगळ्यांत जास्त वेळ देते.

आधी पोटाचं. १९५४-५५ पासून भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. रेल्वे थांबली, पैसे पाठवण्याची वाट बंद झाली. गोव्यातली हजारो घरं मुंबईच्या कमाईवर चालत: कुणी बोटीवर, कुणी कचेरीत, कुणी हॉटेलात. ती मनिऑर्डर थांबली. पोर्तुगीजांनी बाहेरून माल आणला, बाजारात हॉलंडचे बटाटे आणि सिलोनचा चहा दिसू लागला, पण विकत घ्यायला हातात पैसा हवा. अशा वर्षांत घर चालवणं ज्यांच्यावर पडलं त्या बायकाच होत्या. कुळागरातला (माड-पोफळीच्या बागेतला) नारळ मोजून वापरायचा, पेजेत पाणी वाढवायचं, पाऊस संपला की वायंगण (भाताचं दुसरं पीक) आणि भाजीचा मळा करायचा, आणि वर कुणी भूमिगत रात्री दारात आला तर त्यालाही वाढायचं.

आता एक प्रसंग. आमच्या वाड्यावरच्या एका आजींनी तो मला सांगितला. नाव लिहू नको म्हणाल्या होत्या, म्हणून लिहीत नाही. लग्न होऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. नवरा आणि दीर लढ्यात. मुंबईहून चोरून आलेल्या पत्रकांचा गठ्ठा भाताच्या कणगीत, तळाशी. एका सकाळी पाखले आले. (पोर्तुगीज गोऱ्यांना आमच्याकडे पाखले म्हणत.) घर उलथंपालथं केलं, माळ्यावर चढले, देव्हारा हलवला. कणगीत संगिनी खुपसल्या, एकदा, दोनदा, तीनदा. आजी सोप्यावर बसून सुपात भात पाखडत होत्या. सासूने बसल्या जागेवरून डोळ्यानेच खूण केली: हात थांबवू नको. त्या पाखडत राहिल्या. फोलकटं अंगणात उडत होती. संगीन कागदापर्यंत पोचली नाही. पाखले गेले, तरी त्या दुपारपर्यंत पाखडतच होत्या, सुपात एक दाणाही फोलकटाचा उरला नव्हता तरी.

'सूप थांबलं असतं तर त्यांना कळलं असतं,' आजी मला म्हणाल्या. मी म्हटलं, आजी, तुम्ही केवढं मोठं काम केलंत. तर म्हणाल्या, 'मी कसलं काय केलं, बाय? मी तर भात पाखडत होते.'

त्यांच्या घरातल्या भिंतीवर नवऱ्याचं मानपत्र आहे, दिराचंही आहे. तिसरा खिळा नाही.

याआधीच्या काळात पोर्तुगीजांशी लढलेली राणी कोण?

उल्लाळची राणी अब्बक्का. मंगळूरजवळचं उल्लाळ, चौटा घराण्याचं छोटंसं राज्य, मिरीच्या व्यापाराचं बंदर. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्याचे पोर्तुगीज तिथे खंडणी मागत, आणि ती नाकारणाऱ्या राणीवर गोव्यातून आरमारं जात. एवढ्याशा राज्याने त्यांना वारंवार झुंजवलं. आपल्या तटरक्षक दलाच्या एका जहाजाला तिचंच नाव आहे.

उल्लाळच्या गादीवर पुढेही बायका राहिल्या. १६२३ मध्ये गोव्याहून निघालेला इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले उल्लाळच्या राणीला भेटला. राणी वाटेतच भेटली, अनवाणी, डोक्यावर झावळ्यांची छत्री धरलेली, शेतात खणलेल्या पाण्याच्या चरांची पाहणी करायला निघालेली. लढणाऱ्या घराण्यातली राणी पाटाचं पाणी बघायला स्वतः जाते, हे मला तिच्या तलवारीइतकंच आवडतं. राज्य लढायचं तर आधी पिकायला हवं.

आणि मराठ्यांच्या इतिहासात? झाशीच्या राणीशिवाय सांगा.

ताराबाई. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले तेव्हा त्या पंचविशीच्या आसपास होत्या. लहानग्या मुलाला गादीवर बसवून त्यांनी १७०७ पर्यंत, म्हणजे औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, मराठ्यांचा कारभार आणि युद्ध दोन्ही चालवलं. बादशहा स्वतः म्हातारपणी एकेक किल्ला घेत सह्याद्रीत अडकून पडला होता, आणि त्याच वेळी ताराबाईंच्या फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात आणि गुजरातेत शिरत होत्या. मोगलांकडचा इतिहासकार खाफीखान हा शत्रुपक्षाचा, पण तिची बुद्धी आणि कारभार त्यालाही मान्य करावा लागला.

अहिल्याबाई होळकरांना आपण घाट आणि देवळांमुळे ओळखतो. पण मल्हाररावांच्या हयातीतच, १७६५ च्या सुमारास, तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्याच्या आणि दारूगोळ्याची तजवीज ठेवण्याच्या सूचना ते आपल्या सुनेला पत्रातून देत होते. हे काम विश्वासाशिवाय कुणावर टाकत नाहीत.

जगात इतरत्र काय झालं? थोडक्यात सांगा.

क्रिमियाच्या युद्धात १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिका घेऊन स्कुटारीच्या रुग्णालयात गेल्या आणि युद्धात गोळीपेक्षा घाण जास्त माणसं मारते, हे आकड्यांनिशी दाखवलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायकांची कातडी रसायनाने पिवळी पडत असे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्यात सुमारे आठ लाख बायका होत्या. त्यांच्यातली एक वैमानिक तुकडी लाकूड-कापडाच्या साध्या विमानांतून रात्री बाँब टाकायची, आणि जर्मन सैनिक त्यांना 'रात्रीच्या चेटकिणी' म्हणत. ब्रिटनमध्ये ब्लेचली पार्कला शत्रूची सांकेतिक लिपी उकलणाऱ्या कर्मचाऱ्यांत बहुसंख्य बायका होत्या, आणि गुप्ततेच्या शपथेमुळे त्या कित्येक दशकं घरच्यांनाही काही बोलल्या नाहीत.

एका नावापाशी थांबते. नूर इनायत खान. टिपू सुलतानाच्या वंशातली, मुलांसाठी गोष्टी लिहिणारी. जून १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये ती बिनतारी यंत्र घेऊन उतरली आणि पॅरिसमधून लंडनला संदेश पाठवत राहिली. पकडली गेली, छळ झाला, तरी तिने कुणाचं नाव दिलं नाही. १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊच्या छावणीत तिला मारलं. लिबियाबाईंबद्दल बोलताना मला नेहमी नूर आठवते. दोघींचं हत्यार एकच, बिनतारी यंत्र.

मुक्तीच्या आधीच्या आणि नंतरच्या भारतातली उदाहरणं?

१९४३ मध्ये सिंगापुरात नेताजींनी झाशीची राणी पलटण उभी केली, नेतृत्व डॉ. लक्ष्मी स्वामीनाथन यांच्याकडे. तिच्यातल्या अनेक मुली मलायातल्या रबराच्या मळ्यांत राबणाऱ्या तमिळ कुटुंबांतल्या होत्या. भारत त्यांनी कधी पाहिलाही नव्हता, तरी त्या त्याच्यासाठी बंदूक चालवायला शिकल्या.

दुसरं उदाहरण १९७१ चं, आणि महिला मंडळात सांगायला याहून चांगलं मला मिळालेलं नाही. डिसेंबरात पाकिस्तानी विमानांनी भूजच्या धावपट्टीवर बाँब टाकले. दुरुस्तीला माणसं नव्हती. शेजारच्या माधापर गावातल्या सुमारे ३०० बायका आल्या आणि ७२ तासांत धावपट्टी नीट करून दिली. भोंगा वाजला की झुडपांत लपायचं, पुन्हा पाटी उचलायची. वरून दिसू नये म्हणून हिरव्या रंगाचे कपडे, ताज्या कामावर शेणाचा सडा. आपल्या आज्यांनी खळी सारवली तसं त्यांनी विमानतळ सारवला! मंडळात हे सांगितलं की बायका एकमेकींकडे बघून हसतात, आणि मग काही जणींच्या डोळ्यांत पाणी येतं.

आता सैन्यात मुलींना वाट मोकळी आहे का? माझी मुलगी विचारते.

पूर्वीपेक्षा खूप. १९९२ पासून वैद्यकीय विभागाबाहेरही स्त्रिया अधिकारी होऊ लागल्या. कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी चीता हेलिकॉप्टर उडवली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लष्करात कायमस्वरूपी नेमणुकीचा हक्क मान्य केला, आणि पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची दारंही मुलींना उघडली. मुलीला सांगा, बारावीला गणित घट्ट कर.

आणि तिला दिवाडी बेटाबद्दल सांगा. तिथल्या गोदीत बांधलेल्या 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून नौदलाच्या सहा महिला अधिकारी सप्टेंबर २०१७ मध्ये गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१८ मध्ये गोव्यालाच परतल्या.

भाषणात 'वीरांगना' म्हणावं की 'वीरपत्नी'?

जिने स्वतः तुरुंग भोगला तिला वीरपत्नी म्हणू नका. ती स्वातंत्र्यसैनिक आहे, तोच शब्द वापरा, पुरुषांना वापरता तसाच. 'वीरांगना' वाईट नाही, पण हा शब्द आला की डोळ्यांसमोर घोडा आणि तलवार येते, आणि सूप घेऊन बसलेली बाई बाहेर राहते. आणखी एक. 'अमक्यांच्या पत्नी', 'तमक्यांची बहीण' ही ओळख दुसऱ्या वाक्यात द्या. पहिल्या वाक्यात तिचं नाव आणि तिचं काम येऊ दे.

माझी आजीही लढ्यात होती असं घरात म्हणतात. माहिती कुठे शोधू?

कागदापासून सुरुवात करायची तर पणजीचं पुराभिलेख खातं आणि पाट्ट्यावरचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. गोवा सरकारने स्वातंत्र्यसैनिकांचे परिचयग्रंथ काढले आहेत, त्यांत आधी गावाचं नाव बघा, मग आडनाव. माहेरचं आणि सासरचं दोन्ही आडनावं तपासा. अनेक बायका माहेरच्या नावाने पकडल्या गेल्या आणि सासरच्या नावाने जगल्या, त्यामुळे धागा तिथेच तुटतो. आग्वादच्या जुन्या तुरुंगाचं आता संग्रहालय झालं आहे, तेही बघून या.

पण कागदात आजी सापडली नाही म्हणून थांबू नका. जी माणसं आज आहेत त्यांच्याशी बोला, आणि उद्यावर टाकू नका. १९५५ ला वीस वर्षांची असलेली बाई आज नव्वदीत आहे.

माझा अनुभव सांगते. 'तुमचं योगदान काय?' असं विचारलंत तर उत्तर 'काही नाही' असंच येतं. विचारा: त्या दिवशी घरात जेवायला काय होतं? पाखले आले तेव्हा तुम्ही कुठे बसला होता? मूल कुणाकडे होतं? अंगावर लुगडं कुठलं होतं? दाराला कडी होती की आडणा? अशा प्रश्नांनी आठवण आपोआप उघडते. बाहेरच्या खोलीत, मुलगे-नातू भोवती बसलेले असताना बोलू नका, तिथे घरातले पुरुषच उत्तरं देतात. आत, स्वयंपाकघरात जा. हाताला काही काम असू दे, वाल सोला, चिंच साफ करा. फोनवर आवाज टिपायचा असेल तर आधी परवानगी घ्या, आणि सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख आणि गाव सांगा. वर्ष आठवत नसेल तर 'नाकेबंदीच्या आधी की नंतर', 'थोरला झाल्यावर की आधी' असं विचारून जुळवता येतं. सांगताना त्या कोकणीत बोलल्या तर कोकणीतच टिपा, मराठी करायची घाई करू नका.

त्या सूपवाल्या आजींनी तासभर मला बरंच सांगितलं, पण पत्रकांचं एक अक्षर नाही. शेवटी मी उठले तेव्हा त्यांनी हाताने पुन्हा बसवलं आणि म्हणाल्या, 'तो फोन बंद कर, मग सांगते.' मी बंद केला. घरी आल्याबरोबर वहीत सगळं लिहून काढलं, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली. संगीन दोनदा नव्हे, तीनदा खुपसली होती. आणि भात नवं नव्हतं, जुनं होतं.